पाणी कमी होतंय पण खाली थेंब नाही: पिकअपचं हेड उघडण्याआधी काय तपासायचं

प्रश्न असा आलाय. २०१८ ची डिझेल पिकअप, दीड लाख किलोमीटर झालेली. कोल्हापूर मार्केट यार्डातून भाजी घेऊन रत्नागिरीला जाते, येताना मासळीचे नाहीतर सीझनला आंब्याचे क्रेट भरून आंबा घाट चढते. दर दोन फेऱ्यांनी रिझर्व्ह बाटलीत अर्धा लिटर पाणी घालावं लागतं. रात्री गाडी उभी असते तिथली फरशी सकाळी कोरडी. घाटात काटा नेहमीपेक्षा जरा वर. एका गॅरेजवाल्यानं ‘हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवू’ म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं रेडिएटरमध्ये लीक बंद करायची पावडर टाकून दिली. आता हेड उघडायचं का?

अजून नाही. हेड म्हणजे सिलिंडरवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग, आणि तो नि खालचा ब्लॉक यांच्या मधलं पॅकिंग म्हणजे हेड गॅस्केट. गॅस्केट गेलंच नसेल असं मी म्हणत नाही, पण तुम्ही लिहिलेल्या खुणा त्याच्याकडे बोट दाखवत नाहीत. आणि हेड उतरवणं ही तपासणी नव्हे, ती दुरुस्ती आहे. पाणी इथून जातंय असं मेकॅनिकनं डोळ्यांना दाखवल्याशिवाय हेडच्या बोल्टला पाना लावू द्यायचा नाही. एकदा हेड निघालं की फेसिंग (हेडचं तोंड घासून सपाट करणं), गॅस्केट, नवे बोल्ट, ऑईल, कूलंट आणि वर बुडालेली भाडी धरून बिल सहज पाच आकड्यांत जातं. एवढं करून पाणी वॉटर पंपातून जात होतं असं निघालं तर ते पैसे कुणी परत देत नाही.

पहिली तपासणी फुकटची आहे आणि ती तुम्ही स्वतः करायची. सकाळी, रात्रभर थांबलेल्या गाडीवर, दोन गोष्टी बघा: बाटलीतलं पाणी कुठपर्यंत आहे, आणि झाकण काढल्यावर रेडिएटरचं पाणी तोंडापर्यंत आहे का. बहुतेक लोक फक्त बाटली बघतात. अर्धी गोष्ट तिथंच निसटते.

बाटली उतरली पण रेडिएटर तोंडापर्यंत भरलेला, म्हणजे झाकण आपलं काम करतंय. इंजिन थंड होताना आत ओढ तयार होते, झाकणातला छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि बाटलीतलं पाणी रेडिएटरमध्ये येतं. बाहेर कुठंतरी थोडं थोडं पाणी जातंय आणि बाटली ती तूट भरून काढतेय. उलट बाटली भरलेली आणि रेडिएटर खाली असेल, तर गरम झाल्यावर बाहेर गेलेलं पाणी परत येत नाही. झाकणाचा रबर गेलाय, आतला व्हॉल्व्ह चिकटलाय किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी चिरली आहे. व्हॉल्व्ह चिकटला असेल तर वरचा होस पाईप सकाळी चपटा झालेला दिसतो. तिसरी खूण वाईट: प्रत्येक फेरीत बाटली वर चढते, उतू जाते, आणि सकाळी थंड इंजिनावर झाकण सैल करताना ‘फुस्स’ आवाज येतो. रात्रभर थांबूनही आत दाब शिल्लक असेल तर तो उष्णतेचा नसतो. तो सिलिंडरमधून आलेल्या गॅसचा असण्याची शक्यता मोठी. गॅस्केटचा किंवा हेडच्या चिरेचा संशय तिथं घ्यायचा.

तुमची बाटली उतरते, चढत नाही. म्हणून म्हटलं, आधी बाकीचं बघा. बाटलीवर मार्करनं रेघ मारा आणि रोज सकाळी एकाच ठिकाणी, सपाटीवर गाडी उभी असताना बघा. रेडिएटरला झाकणच नसेल आणि सगळं बाटलीवरच असेल, तर ती बाटली दाबाखालची आहे. तिथं फक्त रेघेवर लक्ष ठेवायचं. कुठलीही गाडी असो, गरम असताना झाकण उघडायचं नाही. फडकं धरून पाव वळण देताना हात भाजून घेतलेले लोक कोल्हापुरातल्या उद्यमनगरात कुठल्याही गॅरेजात भेटतील.

फरशी कोरडी का, तर बारीक गळती गाडी गरम असताना होते आणि थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही. ब्लॉकवर किंवा एक्झॉस्टजवळ पडलेलं पाणी तिथंच वाळतं आणि मागं डाग ठेवतं. कूलंट असेल तर हिरवट, गुलाबी किंवा पांढरी पापडी धरलेली दिसते. बोअरचं पाणी भरलेलं असेल तर चुन्यासारखा पांढरा थर. शिवाय चालत्या गाडीत फॅनचा वारा पाणी मागं उडवतो, त्यामुळं गळती पुढं आणि ओल मागं गिअरबॉक्सजवळ असं होतं. म्हणून इंजिन आधी धुऊन, पुसून कोरडं करायचं, मग शोधायचं. चिखलानं माखलेल्या इंजिनावर गळती शोधणं म्हणजे नुसता वेळ घालवणं.

खरं हत्यार म्हणजे प्रेशर टेस्टर. हातपंप, त्यावर मीटर, आणि रेडिएटरच्या तोंडावर बसणारा अडॅप्टर. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी तो लावायचा आणि झाकणावर जेवढा आकडा छापलाय तेवढाच दाब द्यायचा. बहुतेक पिकअपना ०.९ ते १.१ बार असतं, म्हणजे साधारण १३ ते १६ पीएसआय. ‘जरा जास्त देऊन बघू’ हा मोह टाळायचा. प्लॅस्टिकच्या टाक्यांचा रेडिएटर असेल तर चांगला जोडही सुटतो. दाब दिला की पंधरा मिनिटं थांबायचं. काटा हलला नाही तर गाडी चालवून गरम करून, मग झाकण उघडता येईल इतपत निवल्यावर पुन्हा. काही गळती गरम झाल्यावरच तोंड उघडते, आणि काही होस क्लिपा नेमक्या उलट, फक्त पहाटेच्या थंडीत झिरपतात आणि गरम झाल्यावर बंद होतात.

काटा उतरायला लागला की टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन फिरायचं. माझा क्रम ठरलेला आहे, आणि तुमच्या गाडीत मी सगळ्यात आधी वॉटर पंप बघेन.

पंपाच्या पोटाखाली, पुलीच्या मागं, चार-पाच मिलिमीटरचं एक भोक असतं. आत पाण्याचं सील आहे, त्याच्या पलीकडे बेअरिंग, आणि दोघांच्या मधे हे भोक. सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता या भोकातून बाहेर यावं म्हणूनच कंपनीनं ते ठेवलेलं असतं. वरून बघून ते दिसत नाही. आरसा खाली धरावा लागतो. भोकाखाली नुसता जुना कोरडा डाग असेल तर लगेच घाबरायचं कारण नाही. पण ओली रेघ असेल, किंवा टेस्टरच्या दाबाखाली तिथं थेंब धरत असेल, तर पंप गेला. बेल्ट सैल करून फॅन हातात धरून पुढं-मागं हलवून बघा. खेळ जाणवला की शंका उरत नाही. हे भोक सीलंटनं बुजवून ‘गळती बंद केली’ म्हणणारे महाभागही आहेत. तसं केलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, बेअरिंग जाम होतं, बेल्ट तुटतो आणि वाईट दिवस असेल तर फॅन रेडिएटरमध्ये घुसतो. घाटात हे झालं की टोईंगचं बिल पंपापेक्षा मोठं येतं.

नंतर रेडिएटर. आजकालच्या रेडिएटरमध्ये मधली जाळी अॅल्युमिनियमची आणि दोन टोकांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. दोघांच्या जोडावर रबरी पॅकिंग असतं आणि अॅल्युमिनियमच्या कडा दाबून ते धरलेलं असतं. गाडीचं वय सहा-सात वर्षं झालं की हा जोड झिरपायला लागतो, तोही बहुतेक वेळा वरच्या होसजवळच्या कोपऱ्यात, कारण सगळ्यात गरम पाणी तिथं येतं. बाहेरून इपॉक्सी थापून दोन आठवडे निघतील, भाड्याची गाडी त्याच्यावर चालवायची नाही. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला कारागीर कथलाचा डाग देऊन उभा करायचा; या नव्याला टाकी आणि पॅकिंग बदलणं, नाहीतर सरळ नवा कोअर, हे दोनच मार्ग.

होस पाईप दाबून बघा. चांगला पाईप दाबला की परत उभा राहतो. मऊ पडलेला, फुगलेला, किंवा क्लिपेच्या कडेला बारीक चिरा पडलेला पाईप सगळ्यात स्वस्तात सुटणारा गुन्हेगार. स्क्रूनं आवळायची जुबली क्लिप गच्च आवळत राहिलं की ती रबर कापते. कंपनीची स्प्रिंगची क्लिप असेल तर तिच्या जागी जुबली बसवायची घाई करू नका. रबर गरम-थंड होताना स्प्रिंग स्वतःहून ताण धरून ठेवते, जुबली धरत नाही.

ब्लॉकच्या बाजूला गोल पत्र्याचे प्लग ठोकलेले दिसतील, ते कोअर प्लग. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत काम केलेल्या माणसाला हे सांगायला नको: ब्लॉक ओतताना पाण्याची वाट पोकळ राहावी म्हणून आत वाळूचा कोअर असतो, ओतकाम झाल्यावर ती वाळू काढायला भोकं लागतात, आणि मग ती बंद करायला हे प्लग. वर्षानुवर्षं साधं पाणी भरलेल्या गाडीत ते आतून गंजतात. बाहेरून रंग चांगला, आत पत्रा कागदाइतका पातळ. एखादा स्टार्टरच्या किंवा मॅनिफोल्डच्या मागं लपलेला असतो, म्हणून ‘कुठंच काही दिसत नाही’ असं वाटतं. एक गेला असेल तर हात पोचतील तेवढे सगळे बदलून घ्या. पितळी मिळाले तर उत्तम.

हिटर आपल्याकडे कुणी लावत नाही, त्यामुळं त्याच्याकडे कुणाचं लक्षही नसतं. डॅशबोर्डच्या आत त्याचा छोटा रेडिएटर आहे. तो झिरपला की केबिनमध्ये गोडसर वास येतो, काचेच्या आतून चिकट वाफ धरते आणि मॅटखालची नमदी ओली होते. एसीचं पाणीही कधीकधी आत गळतं, पण ते स्वच्छ, बिनवासाचं आणि बोटाला चिकटत नाही.

आता झाकण. टेस्टरवर झाकण तपासायचाही अडॅप्टर असतो, तो वापरायला सांगा. शे-दोनशे, फार तर काहीशे रुपयांचा हा तुकडा घाटात काय करतो ते नीट समजून घेण्यासारखं आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. इथं उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. कुकरच्या शिट्टीसारखं झाकण आत सुमारे एक बार दाब धरतं, आणि तेच पाणी १२० अंशांजवळ जाईपर्यंत उकळत नाही. कूलंट निम्मं-निम्मं मिसळलेलं असेल तर आणखी काही अंश वर. भरलेल्या गाडीनं साखरप्यापासून आंबा गावापर्यंतचा चढ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ओढताना इंजिनाचं पाणी शंभरीच्या आसपास जाणं नवीन नाही. झाकणाची स्प्रिंग मेलेली आणि आत निव्वळ पाणी, असं जुळून आलं की ते घाटातच उकळतं, बाटलीतून रस्त्यावर उतू जातं. घरी आल्यावर फरशी कोरडीच. तुम्ही गेले कित्येक आठवडे बाटलीत साधं पाणी घालताय, म्हणजे कूलंट पातळ होत चाललंय. काटा वर जाण्यामागं हे एक कारण असू शकतं.

काटा वर जाण्याची आणखी दोन कारणं गळतीशी संबंधित नाहीत, पण गळतीच्या नावावर खपतात. ऊसतोडीच्या हंगामात रस्त्यावर उडणारा पाचटाचा भुसा आणि धूळ एसी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसते. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते. इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं, कमी दाबाच्या पाण्यानं धुवायची. वॉशिंग सेंटरचा जोराचा झोत जवळून मारला की जाळीच्या पाकळ्या आडव्या होतात आणि वारा कायमचा बंद. दुसरं, फॅन क्लच, म्हणजे इंजिन तापलं की फॅनला धरून जोरात फिरवणारा भाग. इंजिन बंद करून, गरम असताना फॅन हातानं फिरवला तर जड लागला पाहिजे. भिंगरीसारखा सुटत असेल तर आतलं सिलिकॉन ऑईल गेलंय.

एवढं सगळं कोरडं निघालं आणि टेस्टरचा काटा तरी उतरतोय, तर पाणी इंजिनाच्या आत जातंय. इथंही हेड गॅस्केटच्या आधी एक नाव घ्यायचं: ईजीआर कूलर. बीएस-४ या प्रदूषण नियमांच्या टप्प्यापासूनच्या बहुतेक डिझेल पिकअपमध्ये हा असतो. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराचा काही भाग परत इंजिनात पाठवायचा, त्याआधी तो थंड करायचा, आणि थंड करायला इंजिनाचंच पाणी फिरवायचं. एका बाजूला काही शे अंशांचा धूर, दुसऱ्या बाजूला पाणी, मधे पातळ पत्रा. आत चीर पडली की पाणी धुरात मिसळतं आणि वाफ होऊन निघून जातं. ना थेंब, ना डाग, ना ऑईलमध्ये पाणी. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतीलच असंही नाही. आमच्याकडे दुधाचा एक टेम्पो आला होता, बाहेर हेड दोनदा उघडून झालेलं, पाणी जायचं थांबत नव्हतं; चोर हाच होता.

तपासायची पद्धत सोपी आहे. थंड इंजिनावर टेस्टरनं दाब देऊन गाडी तासभर, जमलं तर रात्रभर सोडायची. मग ईजीआर कूलरचा धुराच्या बाजूचा पाईप खोलायचा. निरोगी कूलरमध्ये कोरडी, मऊ, काळी काजळी मिळते, बोट लावलं की भुकटी. गळणाऱ्या कूलरमध्ये काजळी ओली, चकाकणारी, चिखल झालेली, किंवा एक पट्टा वाफेनं धुतल्यागत स्वच्छ. शंका राहिली तर कूलर काढून, तोंडं बंद करून, गरम पाण्यात बुडवून हवेचा दाब द्यायचा. गार पाण्यात चीर मिटलेली राहते म्हणून गरमच घ्या. खराब निघाला तर बदला. ‘ईजीआर बंद करून टाकू, कटकट नको’ असा सल्ला मिळेल. तो प्रदूषणाच्या नियमांत बसत नाही, आणि बीएस-६ गाडीत तर दिवा लागून ताकद कमी होते ती वेगळीच.

हेड गॅस्केटचे पुरावे आता. सकाळी थंड इंजिन चालू करून वरच्या होसवर हात ठेवा. पाणी अजून कोमटही नाही आणि एक-दोन मिनिटांत होस दगडासारखा झाला, तर तो दाब गॅसचा. दुसरं, झाकण काढून, रेडिएटर काठोकाठ भरून, पंपाचा बेल्ट उतरवून मिनिटभरच इंजिन चालवायचं. पंप फिरत नाही, त्यामुळं पाणी शांत राहतं आणि बुडबुडे येत असतील तर स्वच्छ दिसतात. नुकतंच पाणी बदललेलं असेल तर अडकलेली हवा निघतानाही बुडबुडे येतात, पण ते थांबतात. गॅसचे थांबत नाहीत. तिसरं, निळ्या द्रवाची टेस्ट: रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून ओढतात, धुरातला कार्बन डायऑक्साइड असेल तर रंग हिरवा-पिवळा होतो. यात एक मेख आहे. डिझेल इंजिन मोकळं चालताना भरपूर हवा घेतं आणि त्या धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो, त्यामुळं उभ्या गाडीवर रंग बदलला नाही म्हणून गॅस्केट निर्दोष ठरत नाही. गाडी लोडवर ओढून आणून लगेच टेस्ट घ्यायला सांगा.

आणि सगळ्यात पक्का पुरावा: रात्रभर टेस्टरच्या दाबाखाली ठेवलेल्या गाडीचे ग्लो प्लग (चालू करताना सिलिंडर तापवणारे) सकाळी काढायचे आणि डिझेल बंद ठेवून स्टार्टर मारायचा. ज्या सिलिंडरच्या भोकातून पाण्याचा फवारा येईल तिथं गुन्हा सिद्ध. भोकासमोर तोंड नेऊ नका. सकाळी चालू होताना पहिली काही सेकंद एक सिलिंडर मिसिंग आणि पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल तर ही टेस्ट टाळू नका. सिलिंडरमध्ये जास्त पाणी साठलं आणि तसाच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

ऑईल फिलरच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरा थर दिसला की पावसाळ्यात बऱ्याच जणांची झोप उडते. जुलै-ऑगस्टमध्ये, शहरातल्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत हवेतल्या दमटपणानंही तो धरतो. डिपस्टिकवरचं ऑईल स्वच्छ असेल तर काळजी नाही. डिपस्टिकवरच दुधाळ दिसत असेल किंवा ऑईलची पातळी वाढली असेल तर गाडी चालू करू नका. उलट रेडिएटरमध्ये तेलकट चिखल दिसला तर आधी ऑईल कूलर बघा: चालू इंजिनात ऑईलचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळं चिरेतून ऑईल पाण्यात जातं. गाडी बंद केली की ऑईलचा दाब शून्य, गरम पाण्याचा दाब मात्र राहतो, मग उलटा प्रवास.

यातून गॅस्केट सिद्ध झालंच, तर हेड उतरवा आणि कामात काटकसर करू नका. हेड उद्यमनगरात पाण्याच्या दाबाखाली टेस्ट करून घ्या, गरम पाण्यात. चीर असेल तर फेसिंगचे पैसे वाया जातात, म्हणून आधी टेस्ट, मग फेसिंग. सरळ पट्टी आणि फिलर गेजनं हेडबरोबर ब्लॉकचंही तोंड तपासायचं. गॅस्केटची जाडी पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो यावर ठरते. जुन्या गॅस्केटच्या कडेला खाचा किंवा भोकं असतात, तेवढ्याच खुणांचं नवं घ्या. अंशांत वळवून कसायचे बोल्ट असतील तर ते ताणले गेलेले असतात, नवेच टाका. आणि हेड का तापलं ते शोधा, नाहीतर नवं गॅस्केटही त्याच वाटेनं जाईल.

पावडरीबद्दल. रेडिएटरमध्ये हळद टाकणारे ड्रायव्हर अजून आहेत, ही त्याचीच सुटसुटीत पाकिटातली आवृत्ती. रस्त्यात अडकल्यावर घरी येण्यापुरती ठीक. पण ती भोक आणि नळी यांत फरक करत नाही. हिटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही तशाच बुजवते. तुमच्या गाडीत ती पडली आहे, म्हणून दुरुस्ती झाल्यावर पूर्ण फ्लश करून घ्या, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा वॉल) काढून, पाणी स्वच्छ येईपर्यंत.

फ्लश झाल्यावर थर्मोस्टॅट परत बसवायचा, हे मुद्दाम लिहितोय. ‘वॉल काढला की गाडी थंड राहते’ हा समज आपल्याकडे घट्ट रुजलाय. बऱ्याच डिझेल इंजिनांत तो ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो. तो नसेल तर इंजिन तापायला उशीर, डिझेल जास्त, सिलिंडरची झीज जास्त. आणि काही इंजिनांत उघडताना तोच थर्मोस्टॅट बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाण्यातलं थोडं रेडिएटरला न जाता तसंच फिरत राहतं, म्हणजे चढावर गाडी उलट जास्त तापते.

कूलंट भरताना रंगावर जाऊ नका. हिरवं, गुलाबी, निळं हे कंपनीकंपनीचे रंग आहेत, जात नव्हे. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तोच, आणि तयार मिसळलेलं नसेल तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी नको, क्षार धरतात. कोल्हापुरात कुठं बर्फ पडतो असं म्हणून कूलंट टाळणारे आहेत. आपल्याला ते गोठणं टाळायला नकोच, गंज आणि उकळणं रोखण्यासाठी हवं. भरताना हिटरचा खटका गरमवर, गाडीचं नाक थोड्या चढावर, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल, आणि हळूहळू ओतत होस दाबत राहायचं. हवा राहिली की हेडमध्ये गरम जागा तयार होते आणि सेन्सर हवेत लटकला तर काटा खोटं बोलतो. म्हणूनच घाटात पाणी संपलेल्या गाडीचा काटा कधीकधी अचानक खाली येतो. ती चांगली बातमी नसते. काढलेलं जुनं कूलंट गटारीत ओतू किंवा उघड्या बादलीत ठेवू नका. ते गोड लागतं, कुत्री पितात, आणि ते विष आहे.

दुरुस्ती होईपर्यंत फेरी चुकवता येत नसेल तर भार कमी घ्या, पाच लिटर पाणी सोबत ठेवा. घाटात काटा चढला तर बाजूला घ्या. वाफ नसेल आणि पाणी असेल तर इंजिन लगेच बंद करू नका, एसी बंद, हिटर पूर्ण चालू, हलका रेस देऊन फॅन फिरू द्या. होस फुटला असेल किंवा वाफ निघत असेल तर मात्र त्याच क्षणी बंद. वरचा होस हाताला मऊ लागेपर्यंत झाकणाला हात नाही, आणि तापलेल्या हेडवर गार पाणी तर अजिबात नाही, तडा जातो.

गॅरेजात गेल्यावर एवढंच सांगा: इंजिन धुवा, टेस्टर लावा, झाकण तपासा, आणि थेंब मला दाखवा. टेस्टर नसलेल्या गॅरेजात हे काम देऊ नका. माझा अंदाज वॉटर पंपावर आहे, दुसरा नंबर रेडिएटरच्या जोडाचा, तिसरा ईजीआर कूलरचा. पंप निघाला तर बेल्ट, झाकण आणि त्या बाजूचे दोन होस त्याच वेळी बदलून घ्या. मजुरी एकदाच लागते.